लोट्यातला चिखल

“वेळेवर माझं एकीनंही खरं मानलं नाही,” असं साळू मरेपर्यंत म्हणायची. तिची गोष्ट लहानांनी ऐका, आणि मोठ्यांनी तर कान उघडे ठेवून ऐका.

फार फार पूर्वी, कोरड्या डोंगरांच्या एका राज्यात मोठी लढाई झाली. जिंकलो, असं राजाची माणसं म्हणाली. पण गावात माणसं परत आली नाहीत, त्यांच्या वस्तूंची बैलगाडी आली. फाटक्या घोंगड्या, तुटक्या वहाणा, पितळी लोटे. वाटेवरच्या जळालेल्या वस्तीतलं एक तान्ह्याचं टोपडंही होतं. कुणाचं, ते सांगायला कुणी उरलं नव्हतं.

साळूला थोरल्या पोराचा लोटा मिळाला. काठाला पोचा होता, म्हणून ओळखला. आत वाळलेला चिखल होता आणि चिखलात बोटांचे ओरखडे.

गाडीमागून, पोरांना लढाईवर नेलेला मानाजी सरदार घोड्यावरून आला. म्हणाला, “तुमची पोरं हसत हसत लढून मेली. त्यांना काही कमी पडलं नाही.”

“मग लोट्यात चिखल कसा?” साळूनं विचारलं. “पोरं चिखल पिळून प्यायली, सरदार. तुमचा घोडा तेवढा तुकतुकीत आहे. त्याला पाणी कुणी पाजलं?”

“गप ए!” पाटील ओरडला. “पोरगा गेला म्हणून तोंड सुटलंय हिचं.”

त्या गावाची एक रीत होती. देवळात जाईल ते भांडं आधी चिंचेनं घासायचं. पाटलीणबाईनं सगळ्या वस्तू देवळात मांडायचं ठरवलं. बायका चिंच घेऊन बसल्या. रडत होत्या आणि घासत होत्या.

“घासू नका गं,” साळू म्हणाली. “एवढा चिखलच काय तो खरं बोलतोय. माझा धाकटा अजून घरात आहे. उद्या तो काय बघेल?”

“ऐका! दिवसातून दोनदा चूल सारवणारी आज म्हणते, घासू नका! देवापुढं घाण ठेवायची का, साळूबाई?” पाटलीणबाई म्हणाली.

बायकांनी लोटा साळूच्या हातातून ओढूनच घेतला. टोपड्याला तर नवी झालर लावली.

लोटे सोन्यासारखे झळकले. पोरं रोज बघायला यायची. साळूचा धाकटा एकदा म्हणाला, “आई, लढाई किती छान असते गं!” साळूनं त्याच्या थोबाडीत मारली, मग पोटाशी धरलं. उपयोग झाला नाही.

पोरं मोठी झाली. मानाजीनं पुन्हा नगारा वाजवला. देवळातले तेच लोटे कमरेला बांधून पोरं निघाली. धाकट्यानं पोचा पडलेला घेतला.

पुन्हा गाडीच आली. लोट्यांत पुन्हा चिखल. मागून पुन्हा तो तुकतुकीत घोडा.

या वेळी कुणी चिंच आणली नाही. पाटलीणबाई आपल्या पोराचा लोटा घेऊन साळूपाशी आली. “साळूबाई, तू म्हणत होतीस...”

“आता ऐकून काय करू?” साळू म्हणाली. “मला तिसरा नाही.”

लोटे तसेच राजापुढं नेले. राजानं आत बोट घालून बघितलं आणि फौजेला पाणी पुरवणाऱ्या पखालवाल्याला बोलावलं. त्यानं कबूल केलं. सरदाराच्या हुकमानं सगळं पाणी सरदाराच्याच घोड्यांना जायचं.

सरदारकी गेली. पोरं काही आली नाहीत.

म्हणून सांगते, मेलेल्यांच्या वस्तूंवरची घाण पुसली, की मारणाऱ्याचेच हात धुतले जातात.

पोचा पडलेला लोटा त्या देवळात अजून आहे, न घासलेला. बघणारं पोर विचारतं, “हा चिखल कुणामुळे?” आणि कुणाची तरी आई नाव सांगते.

मानाजी.