चौतीस इंचांचा कोट

“एवढंच म्हणायचंय मास्तर. चौतीस. त्यात तुमचं काय जातंय?”

मास्तर गळ्यातली टेप काढून तिचा पीळ सोडवत राहिले.

“मोबाइल इथं टेबलावर उभा करतो,” धनंजय म्हणाला. “तुम्ही पोटाला टेप लावायची, आकडा वाचायचा, झालं. रविवारी हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवणार आहे. माळवदेमास्तर बोलले म्हटल्यावर अख्खं कराड गप्प बसेल.”

“का? कराड काय बोलायला लागलंय?”

धनंजय मोबाइलची काच पुसायला लागला.

मी कोपऱ्यात हूक लावत बसले होते. माझं नाव हौसाबाई. मास्तरांच्या दुकानात अठ्ठावीस वर्षं काजं-बटणं आणि हातशिलाई करते. धनंजय थोरात मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको.

हा मूळचा आमचा धना. मास्तरांच्या पायाशी बसून दोन वर्षं शिकला, मग शिंपीकाम हलकं वाटायला लागलं तसा निघून गेला. आता तो धनंजयसर. पोट कमी करायचा वर्ग चालवतो. तीनशे माणसं येतात. दर रविवारी तिथं एकेकाच्या पोटाला टेप लावतात आणि आकडा फळ्यावर लिहितात, नावासकट, सगळ्यांदेखत. सगळ्यांत वर सरांचा आकडा. चौतीस. चार वर्षं झाली, तो पुसायची वेळ आलेली नाही.

स्वतःचं माप सर स्वतःच घेतात. टेप धरायला मात्र तो इथंच शिकला.

“मोबाइल राहू दे,” मास्तर म्हणाले. “आधी कोटाचं माप घेऊ. कसला पाहिजे?”

“बंद गळ्याचा. जोधपुरी. पोटावर अगदी सपाट बसला पाहिजे.”

“उभा राहा.”

तो उभा राहिला. छाती वर, पोट आत. माप देताना सगळे असेच उभे राहतात. मीसुद्धा राहते. तीन बाळंतपणांचं पोट आहे माझं, पण मास्तरांनी टेप उचलली की कुठं पळून जातं कोण जाणे.

यावर मास्तरांचा एक उपाय आहे. टेप नुसती लावायची, ओढायची नाही, आणि गिऱ्हाइकाला त्याच्या जिवाजवळचं काहीतरी विचारायचं. मुलीचं कुठवर जमलं, आई हिंडती-फिरती आहे का. माणूस बोलायला लागला की पोट आपोआप सुटतं. मग आकडा वाचायचा.

मास्तरांनी धनंजयच्या पोटाला टेप लावली. दोन बोटं आत ठेवली.

“पिसाळांची शैला कशी आहे?”

धनंजयला हा उपाय ठाऊक होता. दोन वर्षं बघितला होता त्यानं. ओठ मिटून तो समोरच्या आरशात बघत राहिला.

मास्तर थांबले. त्यांना कसलीच घाई नव्हती.

“...दवाखान्यात आहे,” शेवटी तो म्हणाला. आणि पोट खाली आलं.

“एक्केचाळीस,” मास्तर म्हणाले. फक्त आम्हा तिघांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

शैला पतसंस्थेत कामाला. दोन पोरं, दोन्ही वेळा पोट फाडून झालेली. फेब्रुवारीत तिनं सरांचा वर्ग लावला. फळ्यावर ती एकतीसवरून सव्वीसवर आली, पण बेंबीखालची सैल कातडी काही जाईना. ती कातडी भाकरी सोडल्यानं जात नसते, हे तिला कुणी सांगितलं नाही. सर सांगायचे, मी सगळं खातो, माझा फक्त मनावर ताबा आहे. मग शैलाला वाटलं, आपला नाही. तिनं भात सोडला, भाकरी सोडली, शेवटी काकडी आणि गरम पाण्यावर आली. एके दिवशी काउंटरवरच चक्कर येऊन पडली.

आता दहा दिवस झाले. हृदयाचे ठोके चुकतात म्हणतात. आणि ही बाई नर्सची पाठ वळली की पेज बेसिनमध्ये ओतून येते.

तिचे ब्लाउज मीच आत घेतले. तीन महिन्यांत चार वेळा. चौथ्या खेपेला आत घ्यायला काही उरलंच नव्हतं. तेव्हा मी काय बोलले? “छान बारीक झालीस गं.” जीभ कशी झडली नाही माझी.

“तिचा नवरा काल तुझ्याकडं आला होता,” मास्तर म्हणाले.

“आला होता.”

“काय म्हणत होता?”

धनंजयनं खुर्ची ओढली आणि बसला.

“म्हणाला, सर, एकदा येऊन तिला तुमचं खरं पोट दाखवा. तुम्हालासुद्धा जमलेलं नाही हे कळलं की जेवेल.”

“मग?”

“तिला सांगणं म्हणजे तीनशे जणांना सांगणं मास्तर.”

“व्हय.”

“आणि मी खोटारडा नाही!” तो एकदम उसळला. “बेचाळीस होतं माझं. आठ इंच उतरवलेत मी. रोज आगाशिवचा डोंगर चढायचो. भाकरी अर्धी केली, गोड बंद केलं, दीड वर्ष लागलं. कसलं औषध नाही, पावडर नाही. तो चौतीस खरा होता.”

“होता.”

“मग गुडघा गेला. डोंगर बंद झाला. एक इंच आला. म्हटलं, जाईल. मग आणखी एक... तेव्हाच लिहायला पाहिजे होतं. पण लोक टाळ्या वाजवतात मास्तर. माझा आकडा वाचून दाखवला की तीनशे माणसं उठून उभी राहतात. इथं मला कोण ओळखत होतं? धना, चहा सांग. धना, दोरा आण...”

खोटं कशाला सांगू, तेवढ्यापुरतं मला त्याचं वाईट वाटलं. रोज आंघोळीनंतर आरशापुढं उभा राहून हाही स्वतःचं पोट चिमटीत धरून बघत असणार.

मास्तरांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. तो घटाघटा प्यायला.

“जा तिच्याकडं,” मास्तर म्हणाले. “आत्ता जा. कोटाचं मागनं बघू.”

धनंजयनं तोंड पुसलं. पाणी पोटात गेलं तसा त्याचा ताठा परत आला.

“तुम्ही शिकवणार मला? देसाई वकिलांचं बेचाळीस भरायचं आणि तुम्ही मोठ्यानं चाळीस म्हणायचात. मी इथंच बसून ऐकलंय. एकदा नाही, शंभरदा.”

आता हे खरंच आहे. आमच्या दुकानाची ती रीत आहे. तोंडानं दोन इंच कमी सांगायचे. माणूस खूश होतो, फुकटची लाज वाटत नाही त्याला. वहीत मात्र खरं माप लिहायचं आणि कापड वहीप्रमाणं कापायचं. कोट अंगात नीट बसला की आकडा कुणाच्या ध्यानात राहतोय?

मास्तरांची मान खाली गेली.

“बोलायचं तेवढं शिकलास,” ते म्हणाले. “कापायला शिकायच्या आधी गेलास... माझंच चुकलं. आधी कापायला शिकवायला पाहिजे होतं.”

“मग म्हणताय ना चौतीस?”

“तू म्हण. तू म्हणशील तो आकडा मी वहीत लिहितो.”

मला वाटलं, मी ऐकण्यात चुकले.

धनंजयनं मोबाइल उभा केला, केस सारखे केले, पोट जेवढं आत जाईल तेवढं घेतलं. मास्तरांनी टेप लावली. धनंजय मोबाइलकडं बघून हसला आणि मोठ्यानं म्हणाला, “चौतीस!”

मास्तरांनी वही उघडली. धनंजय थोरात, कोट, पोट चौतीस. मोबाइलला दिसेल असं, ठळक अक्षरात.

धनंजय त्यांच्या पाया पडला. वाकल्यावाकल्या हळूच म्हणाला, “खरं माप तुमच्या ध्यानात आहेच म्हणा. तुम्हाला काय सांगायचं.”

मास्तरांनी वही मिटली.

तो गेल्यावर मी हातातलं काम खाली टाकलं. “मास्तर, वहीत खोटं? अठ्ठावीस वर्षांत...”

“कात्री द्या हौसाबाई.”

कापड भारी होतं, मोरपंखी रंगाचं. मास्तरांनी वही समोर ठेवली, खडूनं खुणा केल्या आणि कात्री चालवली. चौतीसवर. मी बघतच राहिले. पुढंमागं कोट वाढवायला लागला तर उसवता यावा म्हणून शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात, आम्ही त्याला माया म्हणतो. तीसुद्धा बोटभर ठेवली नाही. कापड वाया जातंय म्हणून मी कळवळले, पण त्यांचा चेहरा बघून गप्प बसले.

शिवला मात्र असा, की नवरदेवाचा शिवावा. काजं मीच केली.

दवाखान्याची बातमी रोज कानावर येत होती. शैलाचा भाऊ आमच्या दुकानावरूनच डबा घेऊन जायचा, आणि तिकडून परतताना डबा तसाच भरलेला असायचा. “सर आले का?” असं ती विचारते, म्हणाला. ते रागावलेत म्हणून येत नाहीत असं तिला वाटतं. फळ्यावरचा आपला आकडा वाढेल म्हणून.

सर गेले नाहीत. बुधवारी नाही, गुरुवारी नाही, शुक्रवारीही नाही.

शनिवारी दुपारी तीन वाजता सर आमच्याकडं आले. खुशीत होते.

“आणा मास्तर, बघू तरी!”

कोट अंगात चढवला. खांदे सुरेख. गळा सुरेख. बाह्या अगदी मनगटावर. गळ्याचं बटण लागलं, छातीचं ओढून लागलं, आणि तिसऱ्याला दोन्ही कडा समोरासमोर उभ्या राहिल्या. मधे चांगलं चार बोटं अंतर.

त्यानं कडा ओढल्या. पोट आत घेतलं. पुन्हा ओढल्या. चेहरा लालभडक झाला.

“हे काय आहे?”

“चौतीसचा कोट,” मास्तर म्हणाले.

“अहो पण ते... ते बोलायचं होतं!”

“वहीत तेच आहे.”

“बरं, वाढवा. आतली माया सोडा, थोडं तरी...”

“ठेवली नाही.”

“ठेवली नाही?” त्यानं शिवण उलटी करून बघितली. शिंपी होताच तो, बघितल्याबरोबर कळलं त्याला. “उद्या हॉल भरलेला असणार! मोठे लोक येणारेत! असं कसं केलंत तुम्ही?”

मास्तरांनी टेप गळ्यात टाकली.

“तुम्हाला खरं माहीत होतं!” धनंजय एवढ्यानं ओरडला की रस्त्यातली दोन माणसं थांबली. “खरं माहीत असून बोलला नाहीत. मी तुमच्या भरवशावर होतो मास्तर!”

माझी सुई जागच्या जागी थांबली.

मला वाटलं, आता तरी. आपल्याच तोंडातून काय बाहेर पडलं, ते आता तरी याला ऐकू जाईल. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. मास्तरही बघत होते. रागानं नाही. आपल्या हातून बिघडलेल्या कामाकडं माणूस बघतो, तसे.

धनंजय आरशाकडं वळला. कोट उघडा, आत शर्टाच्या गुंड्या ताणलेल्या, त्यांच्यामधून बनियन दिसत होतं. बघता बघता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण हात परत वर गेले आणि परत त्या कडा एकमेकींकडं ओढायला लागले.

“आता मी काय घालू?” तो म्हणाला. “सांगा ना मास्तर... असा कसा जाऊ मी?”

भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

“शैलाला चारला पुण्याला हलवणार आहेत,” मास्तर म्हणाले. “असाच जा.”