बकुळीच्या वासाचं तळं

पानसळ गावाच्या खालच्या अंगाला हे जे तळं आहे, त्याच्या पायऱ्यांवर जरा टेका. घाई नाही. पाण्याला बकुळीचा वास येतोय का बघा. आता वर नजर टाका. निंब आहे, उंबर आहे, बाभळी आहेत. बकुळ औषधालासुद्धा नाही.

त्याचं असं झालं म्हणे. वरच्या आळीत रायाजी जिनगर पोथ्या बांधायचा. सुटलेली पानं जुळवायची, शिवायची, पुठ्ठ्याला खळ लावून डकवायची. त्यानं शिवलेली पोथी पुन्हा उसवली, असं कुणी ऐकलं नाही. बायको बाळंतपणातच गेलेली. सावळी नावाची लेक तेवढी मागं राहिली. तिला पाठीशी बांधूनच त्यानं पोथ्या शिवल्या.

गावची सुईण लाडकूआजी. तिच्याकडे एक पोथी होती, कुणी गोसावी ओट्यावर विसरून गेलेला. आजीला अक्षर येत नव्हतं. पण गावात मूल जन्मलं की त्या घरातलं काहीबाही ती पानांत ठेवायची. कधी मोराचं पीस, कधी निंबाचा पाला, कधी झबल्याचा धागा. आणि त्या मुलाचं म्हणून एक गाणं जुळवायची. पुढं ते मूल दुखलंखुपलं की पोथी उघडायची, ते पीस बोटांत धरायचं, की गाणं आपसूक ओठांवर यायचं. त्या गाण्यानं मूल निजायचं आणि निजेतच बरं व्हायचं, असं सांगतात.

होता होता पोथी खिळखिळी झाली. आजीनं ती रायाजीकडं दिली.

"नीट बांध रे बाबा. गावाची लेकरं हायेत त्यात."

"लेकरांच्या लेकरांस्नी पुरंल, आजी," रायाजी हसून म्हणाला.

शिवण्याआधी पानं झटकायची, ही या कामाची रीतच. कचरा आत राहिला की कसर लागते. रायाजीनं पान न् पान झटकलं, पडलं ते सुपात भरलं आणि तळ्यात सोडून दिलं. पोथी अशी बांधली की नवीकोरी वाटावी.

त्याच आठवड्यात सावळीला ताप भरला. काही केल्या उतरेना. पोर डोळे मिटून एकच घोकत होती, "आजी, माझं गाणं." आजी पोथी घेऊन आली. पानांवरून हात फिरवला, परत फिरवला.

"रायाजी, यातलं काय केलंस?"

"झटकलं, आजी. केर होता."

"केर होता व्हय." आजी पोथी मांडीवर घेऊन बसून राहिली. "तुझ्या बायकोच्या वेणीतली बकुळीची फुलं होती ती. माहेराहून येताना माळलेली. कळा सोसताना ती जे गुणगुणत होती, तेच पोरीचं गाणं केलं मी. वास आला की आठवायचं. आता न्हाई येत."

रायाजी खळीनं बरबटलेल्या हातांनीच उठला आणि तळ्याकडं धावला. दिवेलागण झाली होती. पाण्यावर धुक्याचा पातळ पडदा. छातीइतक्या पाण्यात उतरून तो चाचपत राहिला. त्याला म्हणे पाण्याखालून पानं चाळल्याचा आवाज येत होता, कुणीतरी सावकाश पोथी वाचत असावं तसा. हाती मात्र गाळच लागला.

"आई, एवढं परत दे," तो तळ्याला म्हणाला. "इथून पुढं दुसऱ्याच्या ठेवीला केर म्हणणार न्हाई मी."

पायरीवर येऊन तो धोतराला हात पुसायला गेला आणि थांबला. तळव्यावरच्या खळीत एक बकुळीचं फूल चिकटलं होतं. सुकलेलं, तपकिरी.

आजीनं ते नाकाशी धरलं, डोळे मिटले. मग तिच्या थकल्या गळ्यातून गाणं वर आलं. रायाजीला चाल ओळखू आली. बायको चूल फुंकताना हीच गुणगुणायची. सावळी निजली. उजाडायच्या सुमारास तिला घाम फुटला आणि अंग निवलं.

बाकीच्या लेकरांची गाणी मात्र गेली ती गेलीच. पीस, पाला, धागा, सगळं पाण्यात विरलं. त्या वेणीतली उरलेली फुलं तेवढी तळाशी राहिली, त्यांचाच हा वास.

आजही आमच्या आळीत पुस्तक बांधायला न्या. जिनगर ते लगेच हातात घेणार नाही. शेजारी पितळी वाटी असते. पुस्तकातून पडेल ते, मग ते एसटीचं तिकीट का असेना, त्या वाटीत जातं आणि शिवण झाली की ज्याच्या त्याच्या पानात परत. पण त्याआधी तो विचारतो, "आत काय ठेवलंय?"

बहुतेक जण म्हणतात, काही नाही.

तरी तो थोडा वेळ थांबतो.