लिन आजोबांचं पान

आगबोटीचा भोंगा अजून कुणी ऐकला नव्हता, गलबतं वाऱ्याच्या मर्जीनं चालायची, तेव्हाची ही गोष्ट. माडबंदर गावात सुकाजी कुबल नावाचा एक खलाशी राहत होता. घरात बायको मथू, दारात चार माड, आणि पोट सगळं समुद्रावर.

एका वर्षी सुकाजी कापसानं भरलेल्या मोठ्या जहाजावर चढला. जहाज चालत चालत पार चीन देशी पोहोचलं. पण तिथं पोहोचेपर्यंत सुकाजीला रक्ती हगवण लागली होती. अंगात ताप, डोळे खोल गेलेले. सोबत्यांनी त्याला बंदरातल्या एका औषधाच्या दुकानाच्या पायरीवर निजवलं आणि ते रडत रडत माघारी गेले. वारा फिरला होता, थांबता येत नव्हतं.

त्या दुकानाचा मालक होता लिन नावाचा म्हातारा वैद्य. त्यानं पायरीवरचा माणूस पाहिला. कोण, कुठला, काही विचारलं नाही. विचारून कळणारही नव्हतं. त्यानं मनगटावर तीन बोटं ठेवली, जीभ बाहेर काढायला लावली, आणि मुलाला हाक मारून सुकाजीला आत उचलून नेलं.

महिन्याभरानं सुकाजी उठून बसला. जहाज कधीच गेलं होतं. पुढं दुसरं आलं तेव्हा लिननं त्याला धक्क्याकडे बोट दाखवलं. सुकाजीनं मान हलवली. ज्यानं जीव वाचवला त्याच्या घरात चार भांडी घासल्याशिवाय जायचं कसं? तो मागच्या अंगणात गेला आणि मुळ्या धुवायला बसला.

असं म्हणतात की त्या दुकानाच्या भिंतीला तीनशे साठ खण होते. प्रत्येक खणावर चिनी अक्षरं. सुकाजीला तर आपली अक्षरंसुद्धा येत नव्हती. मग लिननं त्याचे डोळे फडक्यानं बांधले आणि एकेक खण त्याच्या नाकाखाली धरला. चुकला की टिचकी. पहिलं वर्ष टिचक्या खाण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी तो साल न् साल, बी न् बी वासावरून सांगू लागला.

मग नाडी. दुसऱ्या कुणाचा हात धरायचा नाही, फक्त लिनचा. सकाळी, जेवणाआधी, जेवणानंतर, म्हातारा रागावलेला असताना, हसत असताना. कधी नाडी गुळगुळीत गोट्यांसारखी बोटांखालून घरंगळे, कधी तारेसारखी ताणलेली. असं म्हणतात की पुढं पुढं लिननं काल काय खाल्लं, तेही सुकाजी त्याच्या मनगटावरून सांगायचा. तेव्हा म्हातारा इतका हसायचा की नाडीच बदलून जायची.

अशी सहा वर्षं गेली. सुकाजीला त्यांची भाषा आली. एक दिवस कोपऱ्यातल्या एका खणात, एरवी नुसती भाजलेली पूड असायची तिथं, ताज्या मुळ्यांचा माल आला. आत काळसर, केसाळ गाठी होत्या. त्यानं एक गाठ मोडली, हुंगली, आणि पुन्हा हुंगली.

तो लव्हाळा होता. माडबंदरच्या भातखाचरातला लव्हाळा! बायका जो शिव्या देत उपटतात आणि बांधावर फेकतात, तोच.

सुकाजी रडू लागला. लिननं विचारलं, "हे तुझ्या घरी आहे?"

"पायदळी आहे, आजोबा."

म्हाताऱ्यानं दिवसभर दुकान बंद ठेवलं. एकेक खण उघडून तो विचारत गेला. घोळ निघाली, आघाडा निघाला, ब्राह्मी निघाली, सुंठ निघाली. एकोणीस खण सुकाजीच्या गावचे निघाले. लिननं त्या एकोणिसांतली मूठ मूठ एका पिशवीत भरली आणि ती सुकाजीच्या पुढ्यात ठेवली.

"आता जा."

"मी नाही जायचा."

"का?"

सुकाजीनं पिशवी मागं सरकवली. मग लिननं आपला हात पुढं केला. "रोज बघतोस. काय सांगते ही?"

सुकाजीनं तीन बोटं ठेवली. त्याला चार महिन्यांपासून ठाऊक होतं. म्हाताऱ्यालाही ठाऊक होतं. दोघंही बोलले नव्हते.

"ठीक आहे," सुकाजी म्हणाला.

लिननं टिचकी मारली. कित्येक वर्षांत मारली नव्हती. "ज्या वैद्याला खरं तोंडावर सांगता येत नाही, तो अर्धा वैद्य. सांग."

सुकाजीच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण बोटं त्यानं हलवली नाहीत. "आजोबा, पुढची थंडी तुम्ही बघणार नाही."

म्हातारा प्रसन्न हसला. "बरोबर. आज तू शिकलास. माझ्याजवळ बसायला माझा मुलगा आहे. तुझ्या गावाजवळ कोण आहे?"

सुकाजीनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं आणि मिळेल त्या गलबतानं निघाला.

माडबंदरात लोक मथूला कुंकू पुसायला सांगून दमले होते. तिनं पुसलं नव्हतं. सुकाजी आला म्हटल्यावर सगळा गाव त्याच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, जमला. चीनहून आलेला माणूस, रेशीम आणलं असेल, बश्या आणल्या असतील. सुकाजीनं पिशवी उपडी केली.

"अरे, सात वर्सां ऱ्हवलंस नि ह्यां तण घेवन इलंस?" एक जण ओरडला आणि खळंभर हसू पसरलं.

मथू मात्र त्या गाठी गोळा करत म्हणाली, "तुमी जिते इलात. माका आनी काय व्हया?"

त्याच वर्षी श्रावणात गावात रक्ती हगवण शिरली. आधी पोरं पडली, मग बाया. सुकाजी दारोदार सांगत फिरला, घोळ खुडा, कुटून रस द्या, पाणी उकळून प्या. पण रोज भाजीत टाकायचा पाला औषध कसा असेल? लोकांनी दारं लोटून घेतली.

आणि मथूच आडवी झाली.

सुकाजीनं तिचा हात धरला. शेजारणी दारात उभ्या होत्या. वाटलं, खोटं बोलावं. पण टिचकीची जागा कपाळावर जळली.

"मथू, तुझी नाडी बारीक झाली हा. लय बारीक. पण तुटाक नाय. ह्यां पी."

ती प्यायली. दिवसातून चारदा प्यायली. चौथ्या दिवशी तिनं पेज मागितली, आणि ती पेज प्याली ते शेजारणींनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं. मग गाव धावत सुटला. असं म्हणतात की त्या आठ दिवसांत घोळ सकाळी खुडली की सांजेला पुन्हा वीतभर वाढायची. बांध हिरवे ते हिरवेच राहिले. सुकाजीच्या हातांना झोप नव्हती, पण त्यानं ज्यांची मनगटं धरली, त्यांतलं एकही माणूस गेलं नाही.

लोक नारळ घेऊन आले, कोंबडे घेऊन आले. सुकाजी म्हणाला, "माका नको. माझ्या आजोबाचा पान घालूचा आसा."

तोवर पितृपक्ष लागला होता, आणि चीन देशी थंडी यायला अजून अवकाश असला तरी सुकाजीला दिवस मोजता येत होते; म्हातारा एव्हाना गेलेला असणार. गावचे भटजी आले. त्यांनी विचारलं, "गोत्र?"

"ठाऊक नाय."

"बापाचं नाव?"

"तां पण नाय. लिन म्हणत."

"अरे, नुसत्या लिनवर पिंड कसा ठेवू?"

तेव्हा आवडी नावाची एक म्हातारी काठी टेकत पुढं आली. "भटजीनूं, माझे तीन नातू जिते आसत. ते कोणामुळे? तो आमचोच पितर. गोत्र व्हया तर आमचा घाला."

भटजींनी मान डोलावली. मग त्यांनी दर्भ हातात घेतला आणि सगळ्या माडबंदराच्या नावानं संकल्प सोडला.

सुकाजी पुढं चाळीस वर्षं वैद्यकी करत राहिला. तोही गेला, मथूही गेली. पण अजून सर्वपित्री अमावास्येला माडबंदरात घरोघरी आपल्या वाडवडिलांच्या पानांशेजारी एक पान जास्तीचं मांडतात. समुद्राकडे पाठ करून, डोंगराकडे तोंड करून, कारण समुद्रानं गेलं तरी चीन देश पूर्वेलाच, असं सुकाजीनं सांगून ठेवलंय. पानात भात, मूग आणि घोळीची भाजी. त्या पानाला कावळा सगळ्यांच्या आधी शिवतो, असं म्हणतात, आणि तो शिवेपर्यंत गावात कुणी घास उचलत नाही.

त्या एका पानातल्या भाजीत मिरची घालत नाहीत. पोरं विचारतात, का? तर घरातली बाई हळूच सांगते, लिन आजोबांना तिखट सोसत नसे.