पाण्याला घातलेली शपथ

एकदा एक गवंडी भर दुपारी एका व्यसनमुक्ती आश्रमाच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. बाळकू त्याचे नाव. चार महिने इथेच राहून, हातावर पाणी घेऊन शपथ वाहून तो घरी गेला होता. आणि महिनाभरातच पुन्हा गर्द ओढू लागला होता.

आश्रमाच्या वृद्ध वैद्यांचा शिष्य फाटकाजवळच होता. बाळकूला पाहताच त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच माणसाला त्याने स्वतःच्या हाताने पेज भरवली होती, त्याची ओकारी काढली होती. माणूस पडला की पहिली लाथ घालायला आपण सगळेच तयार असतो. शिष्य त्याला अपवाद नव्हता.

"लाज कशी वाटत नाही तुला? तुझं बीच किडकं! चालता हो!" असे म्हणत त्याने कडी घातली आणि तणतणत जाऊन वैद्यांना सगळे सांगितले.

वैद्य भाजीच्या मळ्यात होते. पाटाचे पाणी मेथीच्या वाफ्याकडे न जाता शेजारच्या पडीक वाफ्यात वाहत होते. त्यांनी शिष्याच्या हाती फावडे दिले. "ते पडीकाकडचं तोंड बंद कर."

शिष्याने माती ओढली. पाणी क्षणभर थबकले आणि बांध फोडून पुन्हा पडीकातच शिरले. तीनदा तसेच झाले.

तेव्हा वैद्य चक्क पाण्यावर ओरडले, "निर्लज्जा! शपथ आहे तुला, पुन्हा तिकडे वळशील तर!"

शिष्य गोंधळला. "गुरुजी, पाण्याला काय बोलता? मागे कोणीतरी बांध फोडला, आणि पाणी वाहून वाहून तिकडे खोल चर पडलाय."

"पाण्याचं कळतं, मग माणसाचं का कळत नाही?" वैद्यांचा आवाज संतापाने कापत होता. "मेंदूच्या प्रत्येक पेशीत जनुकं असतात, या वाफ्यांतल्या बियांसारखी. नशा बी किडवत नाही. कोणतं बी जागं व्हायचं आणि कोणतं निजून राहायचं, हे मात्र ती उलटंपालटं करते, आणि डोक्यातही असाच चर पडतो. नशा सुटली तरी तो चर लगेच बुजत नाही, कित्येक महिने राहतो. गर्द विकणारा उजळ माथ्याने फिरतो, त्याला कोणी निर्लज्ज म्हणत नाही. आणि ज्याच्या डोक्यात त्याने चर पाडला, त्याच्या तोंडावर तू कडी घालतोस?"

"मग बाळकूचा काहीच दोष नाही?" शिष्याने चाचरत विचारले.

"त्याच्या वाट्याचं काम आहे. रोज माती त्यालाच टाकायची आहे. पण फाटकाबाहेर राहून तो ती कशी टाकेल?"

शिष्य फावडे टाकून धावला. फाटकाशी कोणी नव्हते. अनवाणी पळत जाऊन त्याने बाळकूला एसटीच्या थांब्यावर गाठले. त्याला पाहताच बाळकूने मार चुकवायला हात तोंडावर घेतला. शिष्याला स्वतःचीच शरम वाटली.

"चल आत," तो म्हणाला.

बाळकू जागचा हलला नाही. "आन् पुन्यांदा घसरलो तर?"

"तर पुन्हा ये."