खडे टाकणारा रथ

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा रस्त्यांना अजून नावे पडली नव्हती.

एका राजाकडे एक रथ होता. रथाच्या चाकाला दातेरी चक्रे जोडली होती. चाक ठरावीक फेरे फिरले, म्हणजे एक कोस वाट सरली, की वरच्या पेटीतून एक खडा खालच्या पितळी डब्यात टप्पकन पडे. रथ परत आला की डबा राजासमोर उघडायचा आणि खडे मोजायचे, अशी तिथली रीत होती.

राजाचा सारथी रोज सरहद्दीवरच्या चौकीवर हुकूम पोहोचवून परत येई. जाऊन-येऊन वीस कोस, म्हणून वीस खडे. एके दिवशी डब्यात बावीस निघाले. दुसऱ्या दिवशीही बावीस.

राजाच्या कपाळाला आठ्या पडल्या. चौकीच्या पुढे बरोबर एका कोसावर शेजारच्या राजाची छावणी होती. जायला एक कोस, यायला एक.

"कुठे गेला होतास?" राजाने विचारले.

"चौकीवर, महाराज."

"आणि पुढे?"

"पुढे आपली हद्दच नाही. मी कशाला जाऊ?"

राजाने मान हलवली, पण मनात म्हणाला, किती शांतपणे बोलतो हा! चोर असाच बोलतो.

त्याने रथात एक हेर बसवला. हेर येऊन म्हणाला, "महाराज, सारथी चौकीपुढे एक पाऊल गेला नाही." डब्यात खडे बावीसच होते. राजा समजला, हाही फितला! त्याने या हेरावर नजर ठेवायला दुसरा हेर बसवला. त्यानेही तेच सांगितले. आता राजाला तिघांचा कट दिसू लागला. दरबारात कोणी हळू बोलले तरी त्याला छावणी आठवे.

शेवटी त्याने सारथ्याला कोठडीत टाकले. "उद्या सूर्य मावळायच्या आत कबूल कर. नाहीतर हत्तीच्या पायी देईन."

"न केलेलं कबूल कसं करू, महाराज?" एवढेच सारथी म्हणाला.

राणीला हे कळले. ती म्हणाली, "सारथी खोटा, हेर खोटे. मग उद्या सकाळी रथ स्वतःच हाका की. स्वतःवर तरी भरवसा आहे ना?"

राजा एकटाच निघाला. चौकीला वळसा घालून सरळ परत आला. राणीने डबा उघडून खडे मोजले. बावीस!

"अगं बाई! म्हणजे स्वारीसुद्धा छावणीत जाऊन आली म्हणायची," राणी म्हणाली. "पाहुणचार बरा झाला ना?"

राजा चिडून रथातून उतरला. त्याचा पाय अलगद जमिनीला टेकला, आणि तो तिथेच थबकला. पूर्वी उतरताना गुडघ्यातून कळ यायची. म्हणून तर त्यानेच हुकूम देऊन रथाला बुटकी चाके बसवून घेतली होती! चाक लहान झाले, तेवढ्याच वाटेला जास्त फेरे घेऊ लागले. यंत्र बिचारे फेरे मोजत होते, वाट नव्हे.

लोहाराने जास्त दात्यांचे नवे चक्र घडवून बसवले. रथ चौकीपर्यंत नेऊन आणला. खडे वीस पडले. सारथी सुटला. राजाने त्याला शेला दिला. तो सारथ्याने मुजरा करून घेतला आणि दुसऱ्या दिवशी कामावर आला. खडे रोज बरोबर पडू लागले. राजाला वाटले, सगळे पूर्ववत झाले.

त्या पावसाळ्यात वाटेवरच्या तलावाचा बांध फुटला आणि खालचे गाव वाहून गेले. राजा सारथ्यावर कडाडला, "रोज त्याच बांधावरून जातोस. तुला गळती दिसली नाही?"

"पूर्वी दिसली असती, महाराज," सारथी म्हणाला. "तेव्हा मी खाली उतरून बांध पाहायचो, गावकऱ्यांना चार गोष्टी विचारायचो, तुम्हाला येऊन सांगायचो. आता कुठेच उतरत नाही. उशीर झाला तर तुम्हाला काय वाटेल, हेच आधी मनात येतं. खडे तेवढे बरोबर आणतो. मोजून घ्या."

राजाने डब्याला हात लावला नाही.

यातून घ्यायचे ते इतकेच: माणसावर संशय घेण्याआधी आपले माप तपासावे, कारण चुकलेले माप दुरुस्त होते, दुखावलेला विश्वास होत नाही.