बैठकीआधीचं एकमत

आमच्या कॉलेजात बैठकीचं इतिवृत्त बैठकीआधीच टाइप होऊन येतं. त्या दिवशी त्यात लिहिलं होतं, 'सविस्तर चर्चेअंती प्राध्यापकांनी सकाळचे वर्ग बंद करण्याची एकमताने शिफारस केली.' दुपारी दुकानात कामाला जाणाऱ्या साठ मुलींचं शिक्षण तिथंच संपणार होतं.

संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब म्हणाले, "सह्या करा पटापट."

कुणी मान वर करेना. मी तर शूर बाई, पर्समध्ये पेन शोधत बसले.

भूगोलाच्या ढेंगळे मॅडमनी मात्र शांतपणे सही केली आणि खाली वेळ टाकली, अकरा वाजून पाच मिनिटं.

आबासाहेबांनी कागद ओढला. "वेळ कशाला घातली, मॅडम?"

"नोटिशीत बैठक साडेअकराची आहे ना, साहेब. उद्या विद्यापीठाची तपासणी आली, तर आमची तत्परता दिसेल. चर्चा सुरू व्हायच्या आतच एकमत झालं."

आबासाहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांनी कागदाचे चार तुकडे केले.

"बोला. सकाळच्या वर्गांचं काय म्हणणं आहे तुमचं?"

इतक्या वर्षांत आम्हाला पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. वर्ग वाचले, पण दीड वाजेपर्यंत आम्हाला कुणी गप्प करू शकलं नाही. त्यात सगळ्यात पुढे मी.