वरसूबाईचा दगड आणि साहेबाचं कापड

विल्मट साहेबाला नव्या डाकबंगल्याच्या छपरासाठी लाकूड हवं होतं, आणि सरळसोट जुनी झाडं उरली होती ती नेमकी वरसूबाईच्या देवराईत. तिथली वाळकी काटकीसुद्धा वाडीतलं कुणी उचलत नसे. देवराईतल्या झऱ्यावर सगळी वाडी जगत होती. झाडं गेली की झराही आटणार, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं.

साहेब मराठी शिकला होता. डोंगरातल्या लोकांच्या चालीरीतींवर तो पुस्तक लिहीत होता, म्हणून त्यानं लगेच कुऱ्हाडी चालवल्या नाहीत. देवीचा शेंदूर फासलेला दगड त्यानं छडीनं टोचून पाहिला आणि वाडीला अट घातली. या दगडात दगडाखेरीज काय आहे, ते उद्या दुपारपर्यंत माझ्या डोळ्यांना दाखवा. दिसलं तर फांदीलाही हात लावणार नाही. नाही दिसलं तर तोड सुरू.

वाडीत सुतक पडल्यासारखं झालं. भगत म्हणाला, अंगात वारं आणून दाखवतो. पाटलानं त्याला गप्प केलं. साहेब हसेल आणि तेही पुस्तकात लिहील, म्हणाला.

साहेबाच्या छावणीवर वाडीतली नवशी पाणी भरायची. सकाळी साहेब घोड्यावरून फेरी मारून आला, तर काठीवरचं निशाण गायब, आणि चुलीपाशी नवशी त्याच निशाणात जळणाच्या काटक्या बांधत बसलेली! शिपायानं तिला दंडाला धरून साहेबापुढे उभं केलं. गाठोडं तिनं सोडलं नाही.

"हे काय केलंस?" साहेब लालबुंद झाला होता.

"काटक्या बांधल्या, साहेब. बरं कापड दिसलं."

"ते कापड नाही! ते आमचं राज्य आहे. त्याच्यासाठी माणसं जीव देतात."

नवशीनं काटक्या खाली ओतल्या. निशाण झटकलं, उलटंसुलटं केलं, उन्हासमोर धरून आरपार बघितलं.

"मला तर कापडच दिसतंय," ती म्हणाली. "यात कापडाखेरीज काय आहे, ते तुम्ही माझ्या डोळ्यांना दाखवा. दुपारपर्यंत थांबते मी."

शिपाई आभाळाकडे बघू लागला. मग साहेबाच्या मिशा थरथरल्या आणि तो असा हसत सुटला, की त्याला खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

देवराईला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम त्यानं तिथल्या तिथे सोडला. बाजारातून जरीकाठाचं लुगडं मागवून स्वतःच्या हातानं नवशीला दिलं. तिनं घडी मोडली, पदर चाचपला आणि साहेबाकडे पाहिलं.

"साहेब, हे तरी नुसतं कापडच आहे ना? नाहीतर नेसायची पंचाईत."

हसता हसता साहेब या वेळी खुर्चीतच कोसळला.